एक ‘जप्त’ आणि इंग्रजीचे सात शब्द

मुलांनो, ‘जप्त’ हा शब्द तुम्ही कुठे कुठे ऐकता ते जरा आठवा बघू! वर्गात आणलेल्या गोट्या बाई जप्त करतात. विमानतळावर चोरटे सोने जप्त होते. निवडणुकीत एखाद्या उमेदवाराची अनामत जप्त होते. कर्ज थकले, की कोर्टाचा बेलीफ जप्तीचा हुकूम घेऊन दारात येतो. मूळचा हा अरबी शब्द. त्याचा अर्थ घट्ट धरून ठेवणे. एवढ्याशा शब्दाकडून आपण किती कामे करून घेतो!

इंग्रजीत मात्र या कामांसाठी वेगवेगळे शब्द आहेत. शब्दकोशात पाहाल तर बहुतेकांपुढे ‘जप्त करणे’ असेच लिहिलेले सापडेल. पण कायद्याच्या कागदावर त्यांच्यात फार मोठा फरक असतो. गेलेली वस्तू परत येणार की कायमची गेली, हे त्या एका शब्दावरून कळते. घरी इंग्रजी नोटीस आली, की पुष्कळ घरांत ती शाळेतल्या मुलाच्याच हातात देतात. “वाच रे, काय लिहिलंय?” अशा वेळी शब्द नीट माहीत असलेला बरा.

असा शब्द दिसला, की तीन प्रश्न विचारायचे. वस्तू का घेतली? आता ती मालकीची कोणाची? परत मिळेल का?

सीझ आणि कॉन्फिस्केट

सीझ म्हणजे नुसता ताबा घेणे. (स्पेलिंग सांभाळा हं! ‘रिसीव्ह’प्रमाणे यातही ‘ई’ आधी आणि ‘आय’ नंतर.) पोलिसांना एखादी सायकल चोरीची वाटली, तर ते पंचांसमोर पंचनामा करून ती सीझ करतात. सायकल पोलिसांच्या ताब्यात गेली, पण मालकी ठरलेली नाही. ते पुढे कोर्टात ठरेल.

कॉन्फिस्केट ही त्याच्या पुढची पायरी. लॅटिन भाषेत ‘फिस्कस’ म्हणजे पैसे ठेवायची वेताची टोपली. पुढे रोमन बादशहाच्या खजिन्यालाच फिस्कस म्हणू लागले. म्हणून कॉन्फिस्केट म्हणजे खजिन्यात टाकणे, आपल्या भाषेत ‘सरकारजमा’ करणे!

आपल्या १९६२ च्या कस्टम्स कायद्यात या दोन पायऱ्या स्वच्छ दिसतात. माल चोरटा आहे असे मानायला कारण असेल, तर अधिकारी तो आधी सीझ करतात. मग मालकाला नोटीस द्यावी लागते, त्याचे म्हणणे ऐकावे लागते. सहा महिन्यांत नोटीस दिली नाही आणि मुदतही वाढवून घेतली नाही, तर माल परत करावा लागतो. नोटीस देऊन, ऐकून घेऊन कॉन्फिस्केट केला, तर मात्र तो सरकारच्या मालकीचा होतो. म्हणजे ‘सीझ’ वाचून रडत बसायचे नाही. बाजू मांडायला अजून वेळ आहे!

आणि बाईंनी घेतलेल्या गोट्या? इंग्रजी गोष्टींत त्यालाही कॉन्फिस्केट म्हणतात. पण शनिवारी त्या परत मिळत असतील, तर काटेकोर अर्थाने ते कॉन्फिस्केट नव्हेच.

इम्पाउंड

गावाकडच्या मुलांना हा शब्द लगेच कळेल. पाउंड म्हणजे कोंडवाडा! (इंग्रजांचे नाणे पाउंड तो शब्द वेगळा, स्पेलिंग मात्र तेच.) मोकाट जनावर कोणाच्या पिकात शिरले, की त्याची रवानगी कोंडवाड्यात. त्यासाठी १८७१ सालचा कायदा आहे. मालकाने दंड आणि चारापाण्याचा खर्च भरला, की गाय घरी. कोणीच न्यायला आले नाही, तर शेवटी लिलाव. म्हणून इम्पाउंड म्हणजे कोंडून ठेवणे. पासपोर्ट इम्पाउंड केल्याच्या बातम्या येतात, तेव्हा त्या पासपोर्टाची जणू कोंडवाड्यातच रवानगी झालेली असते.

अटॅच

अटॅच म्हणजे जोडणे, हे तुम्हांला माहीत आहे. कायद्यात याला मराठीत छान शब्द आहे, ‘टाच आणणे’. समजा, एकाने कर्ज फेडले नाही आणि कोर्टाने त्याची जमीन अटॅच केली. ती त्याच्या हातून लगेच जात नाही. मालक तोच असतो. पण ती त्याला विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. ही टाच सर्वांना कळावी म्हणून ढोल वाजवून किंवा गावच्या रिवाजाप्रमाणे ती जाहीर करायची, असे १९०८ च्या दिवाणी कायद्यात लिहिले आहे. पैसे भरले, की टाच उठते. न भरले, तर पुढे लिलाव होऊ शकतो.

याच कायद्यातली एक गोष्ट आईबाबांनाही वाचून दाखवा. कर्ज कितीही असो, काही वस्तूंवर टाच आणता येत नाही. घरातल्या माणसांचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. धर्माच्या रिवाजाप्रमाणे बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने. कारागिराची हत्यारे. शेतकऱ्याची अवजारे, आणि पोटापाण्यासाठी लागणारी गुरे व बियाणे. शिवाय सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत जप्तीसाठी कोणाच्या राहत्या घरात शिरता येत नाही. माणसाचे पोट आणि रात्रीची झोप कायद्याने राखून ठेवली आहे.

फॉरफिट

यात दुसऱ्याने काही ओढून नेण्याआधी आपणच हक्क गमावलेला असतो. नियम मोडला, अट पाळली नाही, म्हणून गेले. लोकसभेच्या निवडणुकीसाठी उमेदवाराला २५,००० रुपये अनामत ठेवावी लागते (अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी). पडलेल्या उमेदवाराला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते मिळाली नाहीत, तर त्याची अनामत फॉरफिट!

पण नियमच अन्यायाचा असेल तर? १९२८ मध्ये सुरत जिल्ह्यातल्या बारडोलीच्या शेतकऱ्यांनी वाढवलेला सारा भरायला नकार दिला. वल्लभभाई पटेल त्यांचे पुढारी होते. सरकारने म्हशींवर टाच आणली, जमिनी फॉरफिट केल्याच्या नोटिसा काढल्या. लोकांनी दारे लावून म्हशी घरात ठेवल्या, पण सारा दिला नाही. शेवटी सरकारला माघार घ्यावी लागली आणि जमिनी परत मिळाल्या.

रिक्विझिशन आणि ॲक्वायर

या दोन्हींत मालकाचा काहीच गुन्हा नसतो. लोकांच्या कामासाठी सरकारला वस्तू हवी असते, आणि तिचा मोबदला द्यावा लागतो. निवडणुकीच्या वेळी सरकार इमारती, बस, जीप घेते आणि काम झाले की परत करते. हे रिक्विझिशन, म्हणजे अधिग्रहण. धरणासाठी किंवा रस्त्यासाठी जमीन कायमची घेतली, तर ते ॲक्वायर, म्हणजे भूसंपादन. त्यासाठीचा १८९४ चा जुना कायदा जाऊन १ जानेवारी २०१४ पासून नवा लागू झाला. नव्या कायद्यात पुनर्वसनाचाही विचार आहे.

एक लबाड शब्द

सात शब्द झाले. आता आठवा, जरा लबाड! १८४८ मध्ये साताऱ्याच्या राजाने मृत्यूपूर्वी दत्तक घेतला. गव्हर्नर जनरल डलहौसीने तो दत्तक मानला नाही आणि राज्य कंपनीच्या घशात घातले. आपण म्हणतो, सातारा ‘खालसा केला’. कोणी केला? इंग्रजांनी. त्यांनी मात्र शब्द वापरला ‘लॅप्स’. लॅप्स म्हणजे मुदत सरून आपोआप संपणे. जणू कोणी घेतलेच नाही! म्हणून मुलांनो, शब्द वाचताना चौथा प्रश्नही विचारत चला : घेणारा कोण, आणि तो शब्दामागे लपला तर नाही ना?

ओळखा पाहू!

१) मतदानासाठी तालुक्यातल्या जीपगाड्या दोन दिवस घेतल्या.
२) भुईमुगात शिरलेली शेळी कोंडवाड्यात गेली.
३) घरावर नोटीस लागली; राहता येते, विकता येत नाही.
४) धरणासाठी मोबदला देऊन शेत घेतले.

उत्तरे : १) रिक्विझिशन २) इम्पाउंड ३) अटॅच ४) ॲक्वायर