बैलाच्या पुढ्यातलं कोहळं

पोळा तोंडावर आला आहे. झुली, बेगड आणि घुंगरमाळांनी नागपूरचा बाजार भरला आहे आणि कॉटन मार्केटात कोहळ्यांचे ढीगही लागले आहेत. पुण्याकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात, तेच आमचं कोहळं. सणाला आपण त्याची भाजी करतो, गूळ घालून बोंडं तळतो. बैलाला मात्र पुरणपोळीच चारतो, आणि तीही ढीगभर.

आदल्या संध्याकाळी खांदे शेकून बैलाला जेवणाचं आवतण देणारी आपली माणसं. त्या मायेबद्दल शंका नाहीच. पण बैलाचं कोटीपोट कडबा-कुटार हळूहळू आंबवण्यासाठी घडलेलं आहे. त्यात एकदम डाळ, गूळ, कणीक पडली की आम्ल वाढतं आणि चारा पचवणारे जिवाणू मरतात. रवंथ थांबते, पोट फुगतं. वेळेत उपचार झाले नाहीत तर जनावर दगावतं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की पोळीचा घास पूजेपुरताच द्या. बाकी लाड कोहळ्याने करा.

अर्थात कोहळं म्हणजे चारा नव्हे. त्यात दहातले नऊ भाग पाणी. चारशे किलोच्या बैलाला दिवसाला आठ-दहा किलो कोरडा आहार लागतो. दहा किलोंचं अख्खं कोहळं खाल्लं तरी त्यातून जेमतेम एक किलो मिळतो. मग ते द्यायचं कशाला? त्या केशरी गरातल्या कॅरोटीनसाठी. त्यापासून जनावराच्या अंगात अ जीवनसत्त्व तयार होतं. उन्हात पांढरा पडलेल्या कडब्यात ते जवळपास उरतच नाही.

देताना हात आखडता ठेवा. पहिल्या दिवशी अर्धा किलो, मग दोन-चार किलोंपर्यंत. विळ्याने आधी दोन भकलं करायची, मग पातळ, लांबट फोडी. गोल, निसरडा तुकडा न चावता गिळला की अन्ननलिकेत अडकतो, ढेकर बंद होते आणि पोटफुगी जिवावर बेतते. बुरशी लागलेलं, सडकं कोहळं ‘जनावरालाच तर द्यायचंय’ म्हणून पुढ्यात टाकू नका. फोड जिभेला लावून बघा. कडू लागली तर ती विषारी. सरळ फेकून द्या. चांगल्या कोहळ्याचं अर्धं भकल कोंबड्यांना नुसतं टांगून दिलं तरी त्या टोचून टोचून सालापर्यंत साफ करतात.

बिया चारल्या की जंत पडतात, असं खात्रीने सांगणारे पुष्कळ भेटतात. बियांत तसा गुण असलेलं द्रव्य आहे, हे खरं. पण त्या भरवशावर जंताचं औषध चुकवणं मला मुळीच पटत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. १८०६ मध्ये नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी सुरू केलेला हा लेकरांचा सण. लाकडी बैल काही खात नाही, पण तो ओढणाऱ्या पोरांच्या घरी आता कुत्रा असतो. त्याचं पोट बिघडलं तर उकडलेलं, बिनमिठाचं कोहळं चमचाभर भातात कालवून देता येतं. ताटातली भाजी मात्र देऊ नका. तिच्यातला कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो. उलट्या किंवा रक्त दिसलं, किंवा गोठ्यातलं जनावर रवंथ सोडून बसलं, तर काढ्यांत वेळ घालवू नका. सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ पासून याच शहरात आहे.

आणि सण संपला म्हणून कोहळं विसरू नका. फाल्गुनात देठ शाबूत असलेली दोन पक्की कोहळी माळ्यावर ठेवा. दोन-तीन महिने ती सहज टिकतात. वैशाखात पारा पंचेचाळिसाच्या वर गेलेला असतो आणि गव्हाणीत नुसतं कुटार उरतं. त्या दुपारी चार ओल्या, केशरी फोडी टाका. बैलाला त्यांची खरी गरज तेव्हा असते.