क्रिप्टोचलन खननयंत्र

बिटकॉइनसारख्या क्रिप्टोचलनातील (कूटलेखनावर आधारलेल्या अंकीय चलनातील) व्यवहारांच्या नोंदी पक्क्या करण्यासाठी लागणारे एकच गणितकृत्य अतिवेगाने पुनःपुन्हा करणारे इलेक्ट्रॉनीय उपकरण. ‘खनन’ ही संज्ञा येथे लाक्षणिक आहे.

तत्त्व : व्यवहारांच्या एका गटास ‘ब्लॉक’ म्हणतात. त्याच्या ८० बाइटांच्या शीर्षभागावर एसएचए-२५६ ही क्रिया लागोपाठ दोनदा करतात. मिळणारी २५६ बिटांची संख्या (हॅश) ठराविक मर्यादेपेक्षा लहान येईपर्यंत शीर्षभागातील ३२ बिटांची एक संख्या बदलत राहतात. हे उत्तर काढण्याची कोणतीही गणिती युक्ती ज्ञात नाही. प्रयत्नांची संख्या वाढविणे एवढाच मार्ग असतो. प्रथम यशस्वी होणाऱ्यास नवे चलन व व्यवहारशुल्क मिळते. नव्या चलनाचे हे प्रमाण एप्रिल २०२४ मध्ये निम्मे होऊन दर ब्लॉकला ३.१२५ बिटकॉइन झाले.

विकास : सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ मध्ये बिटकॉइनची कल्पना मांडली गेली व जानेवारी २००९ मध्ये तिचे जाळे सुरू झाले. आरंभी हे काम साध्या संगणकावर होई. २०१० मध्ये चित्रालेखन प्रक्रियक, २०११ च्या सुमारास अंतर्गत जोडणी बदलता येणाऱ्या चिपा (एफपीजीए) आणि २०१३ पासून केवळ याच कामासाठी घडविलेली संकलित मंडले (एएसआयसी) वापरात आली. सर्वोपयोगी प्रक्रियकाची बरीच ऊर्जा सूचना वाचणे व माहितीची ने-आण करणे यांत खर्च होते. विशेष मंडलात एसएचए-२५६ च्या ६४ फेऱ्या थेट ट्रँझिस्टरांच्या जोडणीतच उतरविलेल्या असल्याने हा खर्च टळतो. मात्र सरकी काढण्याचे यंत्र जसे सूत कातू शकत नाही, तसे हे मंडल दुसरे कोणतेही काम करू शकत नाही. ईथेरियम या चलनाने १५ सप्टेंबर २०२२ रोजी खननपद्धती सोडली, तेव्हा त्यासाठी वापरलेले चित्रालेखन प्रक्रियक अन्य कामास लावता आले. बिटकॉइनच्या मंडलांना असा दुसरा उपयोग नाही.

लहान यंत्राचा अभिकल्प : आधुनिक मंडलाचे उत्पादन मोजक्या परदेशी कारखान्यांतच होते. त्यामुळे स्वतंत्र अभिकल्पक सामान्यतः तयार चिप घेऊन तिच्याभोवतीचे मुद्रित मंडल रचतो. ‘बिटॲक्स’ हे मुक्त आराखड्याचे यंत्र या प्रकारचे आहे. त्यात एक खनन-चिप, ईएसपी-३२ हा सूक्ष्मनियंत्रक, दाब उतरविणारे मंडल, उष्णता-विसर्जक पट्ट्या व पंखा असतो. त्याच्या एका प्रतिकृतीचा वेग सेकंदाला सु. १.२ लक्ष कोटी हॅश असून तिला सु. १५ वॉट शक्ती लागते. या वेगाने ३२ बिटांच्या सर्व, म्हणजे सु. ४२९ कोटी, संख्या सेकंदाच्या दोनशेव्या भागाच्या आतच संपतात. म्हणून नियंत्रकाने चिपला अखंड नवे काम पुरवावे लागते.

खरी अडचण गणिताची नसून विजेची व उष्णतेची असते. सु. १.२ व्होल्ट दाबाला १५ वॉट शक्ती पुरविण्यासाठी १२ अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. त्यासाठी तांब्याचे पट्टे रुंद व आखूड ठेवावे लागतात. चिपमधील गतिक शक्तिव्यय कंप्रतेच्या आणि दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. कंप्रता तीच राखून दाब १.२ वरून १.० व्होल्टवर आणल्यास हा व्यय सु. ३१ टक्क्यांनी घटतो. परंतु दाब फार उतरल्यास गणनेत चुका होतात. या दोहोंमधील योग्य बिंदू शोधणे हेच अभिकल्पकाचे कौशल्य होय.

हवामानाचा परिणाम : वाऱ्याने वाहून नेली जाणारी उष्णता पट्ट्या व हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. अकोला व अमरावती येथे मे महिन्यात कमाल तापमान अनेकदा ४५° से. च्या आसपास किंवा त्याहून वर जाते. पट्ट्यांचे तापमान ७०° से. राखावयाचे असल्यास २५° से. हवेत हा फरक ४५ अंश, तर वऱ्हाडातील उन्हाळी दुपारी केवळ २५ अंश राहतो. त्याच पंख्याने मग जेमतेम ५५ टक्के उष्णता बाहेर पडते. शिवाय तापमानाबरोबर चिपमधील गळतीप्रवाह वाढतो आणि काळ्या मातीची बारीक धूळ पट्ट्यांमधील फटी बुजविते. म्हणून या प्रदेशासाठी पट्ट्यांचे क्षेत्रफळ अधिक, फटी रुंद आणि कंप्रता कमी ठेवणे इष्ट ठरते.

आर्थिक मर्यादा : वेगवान यंत्रे आली म्हणून एकूण उत्पन्न वाढत नाही. दर २,०१६ ब्लॉकांनंतर मर्यादा अशी बदलते की, सरासरी दहा मिनिटांस एकच ब्लॉक मिळावा. २०२५ मध्ये जाळ्याचा एकत्रित वेग सेकंदाला १ लक्ष कोटी हॅश काढणाऱ्या यंत्राच्या सु. शंभर कोटी पट झाला. त्या वेगाला असे एकटे यंत्र सरासरीने सु. १९,००० वर्षांतून एकदा यशस्वी होईल. अनेकांनी एकत्र येऊन खनन केल्यास लहान वाटा नियमित मिळतो. परंतु १५ वॉटचे यंत्र वर्षाला सु. १३१ युनिट वीज घेते. मोठे, ३,००० वॉटचे यंत्र दिवसाला ७२ युनिट घेते. भारतात १ एप्रिल २०२२ पासून आभासी अंकीय मालमत्तेच्या हस्तांतरणातून होणाऱ्या उत्पन्नावर ३० टक्के कर असून, खननासाठीच्या साधनसामग्रीचा खर्च संपादनखर्च म्हणून वजा करता येत नाही, असे शासनाने संसदेत स्पष्ट केले आहे. त्यामुळे घरगुती दराची वीज वापरून उपजीविकेसाठी असे यंत्र बांधणे तोट्याचे ठरते.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास मात्र ते उपयुक्त आहे. दाबनियमन, उष्णताविसर्जन व मुद्रित मंडलाची रचना यांचा धडा त्यातून मिळतो. जमिनीतील ओलावा मोजणारे वा पंप नियंत्रित करणारे, उघड्या शेतात चालणारे उपकरण बनविताना हेच ज्ञान लागते.