वर्गणीची पावती आणि गिट-एसव्हीएन

मंडळी, आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी दिवसातून एक तास भेटायची, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पण ही गोष्ट मराठीतच सांगायला सोपी आहे, कारण ती मला लॅबमध्ये नाही, लालबागला मामाच्या चाळीत कळली!

आमचा चौघांचा मिनी प्रोजेक्ट सबव्हर्जनवर होता. सबव्हर्जन म्हणजे सर्व्हरवर एकच मोठी वही, लिहायचं तर तिथेच. सर्व्हर दिसायचा फक्त लॅबमधून, आणि आमचं काम चालायचं रात्री हॉस्टेलवर, नाहीतर रविवारी गिरगावला घरी. मग दोन दिवसांचे सगळे बदल सोमवारी एका गठ्ठ्यात जायचे. काही बिघडलं तर नेमकं कशामुळे, ते देव जाणे!

गिटमध्ये (लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली लिहिलेलं) हा त्रास नाही, अख्खी वही प्रत्येकाच्या लॅपटॉपवर असते. पण सरांना सबव्हर्जनच हवं होतं, आणि त्यांचंही खोटं नव्हतं. कोणी, कधी, काय केलं ते ओळीने एका जागी दिसतं. या दोघांमधला पूल म्हणजे गिट-एसव्हीएन.

आता चाळीत या. गणपतीच्या वर्गणीला मुलं आपापलं पावतीपुस्तक घेऊन मजल्यामजल्यावर फिरतात. पावती तिथल्या तिथे फाडतात, दर वेळी कोणी खजिनदाराला विचारायला खाली धावत नाही. रात्री सगळे त्यांच्या खोलीत जमतात. वहीत आधी काय चढलंय ते बघायचं, मग त्याखाली आपल्या पावत्या एकेक करून उतरवायच्या. शाईने लिहिलेलं खोडायचं नाही. चूक झाली तर खाली नवी नोंद.

बस, हेच चार कमांडमध्ये :

१. गिट एसव्हीएन क्लोन : वहीची नक्कल घेणे. एकदाच. जुना इतिहास फार मोठा असेल तर '-आर' देऊन अलीकडच्या रिव्हिजनपासून घ्या, नाहीतर रात्र जाईल.

२. गिट कमिट : पावती फाडणे. नेट नको, परवानगी नको. हव्या तितक्या.

३. गिट एसव्हीएन रिबेस : वहीत इतरांचं काय चढलंय ते आणून आपल्या पावत्या त्याखाली लावणे. अर्धवट बदल आधी कमिट करा, नाहीतर हे चालतच नाही.

४. गिट एसव्हीएन डीकमिट : वहीत चढवणे. प्रत्येक कमिटची वेगळी रिव्हिजन होते.

आणि नियम एकच : रांग सरळ ठेवा, मर्ज करू नका. सबव्हर्जनला गिटचं मर्ज कळत नाही.

हा नियम मी मोडला. मैत्रिणीने तिची ब्रँच पेन ड्राइव्हवर दिली. मी ती माझ्यात मर्ज करून ऐटीत डीकमिट केलं. तिच्या चार रात्रींचं काम सर्व्हरवर एकाच रिव्हिजनमध्ये गोळा झालं, आणि नाव लागलं माझं! कारण वहीत नाव लागतं ते लिहिणाऱ्याचं. व्हायवाला सरांनी तिला विचारलं, "तू काय केलंस?" ती गप्पच. शेवटी तिच्या लॅपटॉपवरचा गिटचा लॉग दाखवून मी माझी चूक कबूल केली, तेव्हा कुठे निभावलं.

तेव्हापासून आमच्यात ठरलं : ज्याच्या पावत्या, त्यानेच चढवायच्या. आपसात ब्रँच द्यायची नाही. डीकमिट झालं की कमिटच्या मेसेजमध्ये एक जादा ओळ येते आणि त्याचा हॅशच बदलतो. दिलेली प्रत मग जुनी पडते, आणि तीच पावती दोनदा दिसायला लागते.

हे सगळं जुनंपुराणं वाटतंय? केडीई या मुक्त डेस्कटॉपचा कोड केव्हाच गिटवर गेला, पण त्याची भाषांतरं सबव्हर्जनमध्येच राहिली. मराठीसुद्धा, 'एमआर' नावाच्या फोल्डरमध्ये. वाचायला कोणालाही मोकळं आहे. लिहायचा हक्क नसला तरी क्लोन करून आपल्या लॅपटॉपवर सराव करता येतो. मी सुरुवात केली आहे. आता चार वाक्यं धड मराठीत लिहिता आली की झालं!