खुब्यातील वाटीचा कल

झिजलेला खुबा काढून तेथे कृत्रिम सांधा बसविणे ही पुणेकरांस आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. इंग्लंडात जॉन चार्न्ली यांनी धातूचा लहान गोळा आणि चिवट प्लॅस्टिकची वाटी यांचा सांधा १९६२ साली सिद्ध केला, डॉ. कांतिलाल संचेती यांनी पुण्यात अस्थिरोगांचे रुग्णालय काढले ते त्यानंतर तीनच वर्षांनी. रुग्ण चालू लागला की घरच्या मंडळींच्या लेखी काम संपते. शल्यविशारदास मात्र एक प्रश्न उरतो: कटीच्या हाडात बसविलेली वाटी नेमकी किती कलली आहे? कल फार चुकला, तर वाकताना वा बसताना गोळा वाटीतून निसटण्याचा धोका वाढतो.

वाटीचे तोंड बाहेरच्या बाजूस किती झुकले आहे, हे समोरून घेतलेल्या क्ष-किरणचित्रावर कोनमापक ठेवूनही कळते. पुढच्या बाजूचा कल ओळखणे अवघड; कारण क्ष-किरणचित्र म्हणजे अखेर सपाट सावलीच. येथे स्वयंपाकघरातील ताट उपयोगी पडते. ताट डोळ्यांच्या रेषेत आडवे धरावे. त्याची कड रेघेसारखी दिसेल. किंचित कलते करताच ती लंबगोल होते. वाटीच्या कडेचेही तसेच. तो लंबगोल ५२ मिलिमीटर लांब व साडेतेरा मिलिमीटर रुंद भरला, तर रुंदीला लांबीने भागून येणारे ०.२६ हे सुमारे १५ अंशांच्या कोनाचे ज्यागुणोत्तर होय. चित्र मोठे उमटले तरी लांबी-रुंदी सारख्याच प्रमाणात वाढतात, म्हणून उत्तर बहुधा बिघडत नाही. फसगत वेगळीच आहे. ताट आपल्याकडे कलवा की पलीकडे, लंबगोल तोच! वाटी पुढे कलली की मागे, याचा उलगडा बाजूने घेतलेले चित्र किंवा सीटी स्कॅन करते.

अमेरिकेतील लेविनेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये बाहेरचा कल ३० ते ५० आणि पुढचा ५ ते २५ अंश ही मर्यादा सुरक्षित ठरविली. मर्यादेत बसलेल्या वाट्यांत सांधा निखळण्याचे प्रमाण शेकडा १.५, तर मर्यादेबाहेर ६.१ आढळले. या आकड्यांस पुढे जवळजवळ कायद्याचा मान मिळाला. तो अंमळ अधिकच होता. २०१६ मध्ये मेयो क्लिनिकमधील अभ्यासकांनी निखळलेले २०६ सांधे तपासले, तेव्हा त्यांतील शेकडा ५८ वाट्या त्याच सुरक्षित मर्यादेत निघाल्या.

निखळण्यास इतर कारणेही असतात. पण एक कारण मापनातच दडलेले आहे. वाटी हाडास जखडलेली असली तरी खुद्द कटी स्थिर नसते. मनुष्य खाली बसला की ती मागे कलते, तिच्याबरोबर वाटीचे तोंड पुढे उघडते आणि मांडीच्या हाडास वाव मिळतो. पाठीचा कणा ताठरलेल्या वृद्धाची कटी तशी हलत नाही. निजवून घेतलेल्या चित्रात त्याची वाटी निर्दोष दिसते, आणि खुर्चीतून खाली वाकताना सांधा दगा देतो. पाटावर बसण्याची, उकिडवे बसण्याची सवय ज्या घरात आहे तेथे तर ही शंका आधीच काढलेली बरी. म्हणून अशा रुग्णाची उभ्याने व बसून, दोन्ही वेळा बाजूने चित्रे घेऊन कटी किती अंश फिरते ते शस्त्रकर्मापूर्वीच पाहतात.

वर्षादोनवर्षांनी तुलना करताना पहिले चित्र निजून घेतले होते की उभ्याने, हेही पाहावे लागते. नाही तर कटीचा कल बदललेला असतो आणि वाटीच हलल्याचा भास होतो.