दुसऱ्याच्या खिशातला नंबर

शेतात काय उभं आहे हे सरकारदरबारी लिहायचं काम पूर्वी तलाठ्याचं होतं. सातबाऱ्यातला बारा म्हणजे गाव नमुना १२, पिकांची नोंदवही. तलाठी शिवारात येऊन पाहणी करी. जिथं येणं जमत नसे तिथं चावडीत बसून, विचारून लिही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ही पीक पाहणी शेतकऱ्यानं स्वतः करायची पद्धत आली. ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदविणार माझा पीकपेरा’ ही तिची घोषणा. ती मला मनापासून पटली. अडचण एवढीच की ही नोंद मोबाईलवरून करायची होती, आणि मोबाईल मी घेतलेला नव्हता.

न घेण्याला कारणं होती आणि ती मला आजही खरी वाटतात. घरी लँडलाईन होती. ज्याला माझ्याशी बोलायचं असे त्याला माझी वेळ ठाऊक होती, सकाळी डेअरीला दूध घालून आल्यावर, नाहीतर रात्री जेवणानंतर. मधला सगळा दिवस रानाचा. उसाला दारं धरताना लक्ष पाण्यापासून हलवून चालत नाही. सरी भरत आली की दार मोडायचं, पाणी पुढच्या सरीत घ्यायचं. जरा नजर हटली की बांध फुटून पाणी शेजारच्या रानात. अशा वेळी कुणीही कुठूनही हाक मारावी, ही सोय मला नको होती.

देशातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला, कलकत्त्यातून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना केलेला. तेव्हा येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. २००३ मध्ये येणारे फोन फुकट झाले, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि बांधावर बसलेल्या पोराच्या हातात इंटरनेट आलं. दर टप्प्याला घरातले म्हणत, “आता तरी घ्या.” ज्या वस्तूवाचून अडत नाही ती घ्यायची नाही, एवढंच माझं उत्तर असे. पीक पाहणीनं अडलं. पीकविमा, नुकसानभरपाई, पीककर्ज या सगळ्यांना बाराच्या उताऱ्यावरची नोंद लागते. मग फलटणच्या बाजारपेठेतून फोन आणला, सिम स्वतःच्या नावावर घेतलं.

ही पाहणी करताना नेमकं काय होतं ते सांगतो, कारण ज्यांनी ती केलेली नाही त्यांना ती दोन बटणांची गोष्ट वाटते. ॲप उघडायचं, गाव निवडायचं, आपलं नाव शोधायचं, खाते क्रमांक, मग गट क्रमांक. हंगाम खरीप की रब्बी, की संपूर्ण वर्ष. उसाला संपूर्ण वर्ष. पीक निर्भेळ की मिश्र. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, आणि आम्ही बोलतो एकर-गुंठ्यात, त्यामुळे आधी मनात हिशोब. पाणी विहिरीचं की कालव्याचं. द्यायची पद्धत ठिबक, तुषार की प्रवाही. लागवडीची तारीख. पडीक ठेवलं असेल तर चालू पड की कायम पड. बांधावरची झाडंसुद्धा मोजून लिहायची, आंबा किती, नारळ किती. शेवटी पिकात उभं राहून फोटो. घरी बसून हे होत नाही. आपण गटापासून किती लांब आहोत हे फोनला कळतं.

आडसाली ऊस उंच वाढला की आत रेंज धरत नाही. बाहेर यावं तर गट सुटतो. भर उन्हात पडद्यावरचं अक्षर दिसत नाही, म्हणून टॉवेल डोक्यावरून फोनवर ओढून त्या सावलीत वाचायचं. आमच्या शेजारचे नाना पहिल्यांदा माझ्याबरोबर आले तेव्हा त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, दाबलं, पुन्हा दाबलं. काही हललं नाही. “माझं बोटच घेत न्हाई रं ह्यो,” ते म्हणाले. फोनचा पडदा जोरानं दाबून चालत नाही. कातडीतून जाणारा बारीक विद्युतभार त्याला जाणवावा लागतो. नानांची बोटं पाचटानं आणि खुरप्यानं सुकून, घट्टे पडून जाड झालेली. याच हातांवरच्या रेषा झिजल्यामुळे रेशन दुकानात त्यांचा अंगठाही कधी जुळतो, कधी नाही. बोट ओल्या फडक्याला लावून थोडं ओलसर करायचं आणि टोकाऐवजी कडेनं टेकवायचं, हे आम्ही दोघांनी मिळून शोधलं. ज्यांनी आयुष्यभर हातानं काम केलं त्यांच्या हातांना ही यंत्रं ओळखत नाहीत, याचं मला अजून वाईट वाटतं.

नोंद चुकली तर ४८ तासांच्या आत आपली आपल्याला दुरुस्त करता येते. ही तरतूद फार चांगली आहे. जुन्या पद्धतीत उताऱ्यावर उसाच्या जागी ज्वारी लागली की तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत.

फोनचं खरं मोल मात्र मला विहिरीवर कळलं. शेतीला थ्री-फेज लाईट ठरावीक तासच, कधी दिवसाची पाळी, कधी रात्रीची. रात्रपाळीत लाईट कधी येते, कधी जाते, पुन्हा कधी येते, याची वाट पाहत बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं. उसाच्या कडेनं पायवाट, पायाखाली विंचूकाटा, आणि अलीकडे बिबट्याची धास्ती. आता स्टार्टरच्या पेटीत एक डबी बसवली आहे, तिच्यात तिचं वेगळं सिम. लाईट आली की डबी मला फोन करते. मी आकडा दाबतो, मोटार चालू होते. एक फेज गेला किंवा विहिरीचं पाणी खाली गेलं की मोटार बंद होते आणि तसा निरोप येतो. फोन न वापरणाऱ्याच्या नशिबी ते रात्रीचं जाणं अजून आहे. आमच्या शिवारात सर्पदंशानं माणसं गेलेली आहेत, म्हणून हे लिहिताना माझ्या मनात किंतु नाही. हे यंत्र शेतकऱ्याच्या जिवाचं आहे.

फोनमधली नावांची यादी पाहिली तर माझा सगळा दिनक्रम दिसतो. मोटार. वायरमन. पाटकरी, कारण नीरा उजव्या कालव्याचं आवर्तन वीर धरणातून कधी सुटलं आणि आमच्या फाट्यावर पाळी कधी, हे त्यालाच माहीत. चिटबॉय, कारखान्याची तोड त्याच्याकडून कळते. डेअरी; फॅट आणि लिटरचा मेसेज दूध घातल्याघातल्या येतो. लोणंदचा आडत्या, कांद्याच्या दिवसांत. या सगळ्यांचे नंबर मी वहीतही लिहून ठेवले आहेत. फोन पाण्यात पडू शकतो, वही दिवळीत असते.

आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी फलटणला मुक्कामाला येते, विमानतळाच्या मैदानावर. चुकलेल्या माणसाला पूर्वी दिंडीचा क्रमांक पाठ असावा लागे, रथापुढे कितवी नाहीतर रथामागे कितवी. तो विसरला की ध्वनिक्षेपकावर नाव पुकारलं जाई. आता म्हातारी माणसंही गळ्यात अडकवलेल्या पिशवीतून फोन काढून विचारतात, “कुठं हायसा?” दिंडीचा क्रमांक पाठ असणं अजूनही बरं, इतक्या गर्दीत एकाच वेळी सगळे फोन लावतात तेव्हा लागत नाहीत.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं त्याकडे येतो. फोन हातात आल्यावर वस्तीवरच्या जुन्या माणसांचं बघणं माझ्याकडे आलं. कुणाची पीक पाहणी, कुणाचं पीएम किसानचं ई-केवायसी. २०१९ पासून या योजनेत वर्षाला ६००० रुपये, २००० च्या तीन हप्त्यांत खात्यावर येतात. काम करायला बसलो की पहिला प्रश्न, ओटीपी कुणाच्या फोनवर गेला? आणि उत्तरं ऐकून मी थक्क होत गेलो. एकाचा नंबर पुण्यात नोकरी करणाऱ्या नातवाचा. एकीचा जावयाचा. एका आजींच्या बँक खात्याला फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदाराचा नंबर, आणि तो दुकानदार गाव सोडून गेलेला. एका काकांचा नंबर थोरल्या मुलाचा. वाटणीवरून बोलणं बंद झालेलं. खातं काकांचं, पैसे काकांचे, पण पैसे आले-गेल्याची बातमी पोराच्या खिशात वाजते. काकांना ती तालुक्याला जाऊन पासबुक भरून घेतल्यावर कळते.

या माणसांनी मोबाईल नाकारला तेव्हा त्यांना वाटलं की आपण एका यंत्राला नको म्हटलं. पण बँकेला, तहसीलला, कारखान्याला नंबर हवाच होता, आणि त्या रिकाम्या चौकटीत कुणीतरी आपला नंबर लिहून टाकला. तिथून पुढे त्यांचं सरकारदरबारी असणं दुसऱ्याच्या हाती गेलं. बहुतेक मुलं, नातवंडं, जावई प्रामाणिकच आहेत, हे मी डोळ्यांनी पाहतो. तरी साठ वर्षं स्वतःचा व्यवहार स्वतः करणाऱ्या माणसाला आपल्याच हप्त्यासाठी “बाळा, आकडा आला का रं?” असं विचारावं लागणं मला बरं दिसत नाही.

म्हणून मोबाईल न घेणाऱ्याचा मान राहिला पाहिजे, हे माझं मत फोन वापरू लागल्यावर जास्त पक्कं झालं आहे. पेन्शनधारकांना हयातीचा दाखला २०१४ पासून जीवन प्रमाणवर ऑनलाईन देता येतो, आणि बँकेत समक्ष जाऊन देण्याचा रस्ताही मोकळा आहे. प्रत्येक कामाला असा दुसरा रस्ता हवा. पीक पाहणीत राहिलेल्या शेतांसाठी सहायक नेमले जातात. त्यांनी खरोखर बांधावर यावं, आणि ज्याच्याकडे फोन नाही त्याच्या शेतापासून सुरुवात करावी.

आणि घरातल्या तरुणांना विनंती. आई-वडिलांच्या, आजी-आजोबांच्या बँक खात्याला, आधारला, पीएम किसानला कुठला नंबर जोडलेला आहे तो याच आठवड्यात पाहा. तो त्यांचा नसेल तर त्यांच्या नावावर सिम घ्या, साधा बटणांचा फोन पुरतो, त्यावरही ओटीपी येतो. बँकेत त्यांना सोबत न्या, अर्जावर त्यांची सही होऊ द्या. ओटीपी फोनवर कुणालाही सांगायचा नाही आणि फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करायचा, हे त्यांच्या वहीत ठळक अक्षरांत लिहून द्या.