पन्नास केबीतला चेहरा

मोबाइलने काढलेल्या छायाचित्राची फाइल सामान्यतः ३ ते ५ एमबीची असते, तर बँक भरतीच्या ऑनलाइन अर्जात उमेदवाराच्या छायाचित्रासाठी २० ते ५० केबी एवढीच मुभा असते. ही दरी ओलांडताना उमेदवारांची आणि त्यांचे अर्ज भरून देणाऱ्या सायबर कॅफेवाल्यांची चांगलीच दमछाक होते. फाइल मर्यादेत बसली तर चेहरा ओळखू येत नाही आणि चेहरा ओळखू आला तर फाइल मर्यादेत बसत नाही, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. तिचे मूळ बहुतेक वेळा एकाच गैरसमजात असते. फाइल लहान करणे ही एकच क्रिया आहे असे गृहीत धरले जाते. वस्तुतः त्या दोन स्वतंत्र क्रिया आहेत आणि त्यांचा क्रम चुकला की छायाचित्र बिघडते.

डिजिटल छायाचित्र पिक्सेल नावाच्या सूक्ष्म ठिपक्यांचे बनलेले असते आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग लाल, हिरवा व निळा या तीन घटकांच्या प्रमाणातून सांगितला जातो. प्रत्येक घटकाला संगणकाच्या स्मृतीत साधारणपणे एक बाइट जागा लागते. १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून निघालेले छायाचित्र ४००० पिक्सेल रुंद व ३००० पिक्सेल उंच, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपक्यांचे असते. कोणतीही काटकसर न करता ते साठवायचे तर ३ कोटी ६० लाख बाइट, म्हणजे सुमारे ३६ एमबी जागा लागेल. मोबाइलमध्ये तेच छायाचित्र ३–४ एमबीत मावलेले दिसते, याचा अर्थ वापरकर्त्याच्या हाती येण्यापूर्वीच त्यावर कॉम्प्रेशनची, म्हणजे तीच माहिती कमी जागेत लिहिण्याची, प्रक्रिया होऊन गेलेली असते. फाइल आणखी लहान करण्याचे मार्ग यावरून दोनच उरतात: ठिपक्यांची संख्या घटवणे, किंवा उरलेल्या ठिपक्यांविषयीची माहिती अधिक काटकसरीने लिहिणे.

दुसऱ्या मार्गाचा पाया ज्या गणिती पद्धतीवर उभा आहे, तिचे जनक नासिर अहमद यांचा जन्म १९४० मध्ये बंगळूर येथे झाला. अमेरिकेतील कॅन्सस स्टेट विद्यापीठात प्राध्यापक असताना १९७२ मध्ये त्यांनी ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ या पद्धतीच्या अभ्यासासाठी तेथील नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितले. ते मिळाले नाही. कल्पना फारच सोपी आहे अशा अर्थाचा एका परीक्षकाचा शेरा अहमद यांनी पुढे नमूद केला आहे. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह लिहिलेला त्यांचा शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १९९२ मध्ये जेपेग हे छायाचित्रांचे आंतरराष्ट्रीय मानक मंजूर झाले तेव्हा ही ‘फारच सोपी’ कल्पनाच त्याच्या केंद्रस्थानी होती.

जेपेगची सारी युक्ती मानवी डोळ्याच्या मर्यादांवर आधारलेली आहे. डोळ्याला उजेड-अंधारातील सूक्ष्म फरक चटकन जाणवतो, मात्र रंगछटांतील तेवढाच सूक्ष्म फरक जाणवत नाही. म्हणून जेपेग प्रथम प्रत्येक ठिपक्याची उजळता आणि रंग यांची माहिती वेगळी करते आणि रंगाची माहिती बहुधा आडव्या व उभ्या अशा दोन्ही दिशांनी निम्मी करून टाकते. एवढ्यानेच माहितीचा एकूण साठा अर्ध्यावर येतो आणि पाहणाऱ्याला सहसा पत्ताही लागत नाही. त्यानंतर चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडले जातात आणि अहमद यांच्या पद्धतीने प्रत्येक चौकोनातील ६४ आकड्यांचे रूपांतर दुसऱ्या ६४ आकड्यांत होते. या नव्या आकड्यांपैकी पहिला त्या चौकोनाची सरासरी उजळता सांगतो, आणि पुढचे आकडे त्यातील चढउतार सांगतात, आधी सौम्य आणि मग अधिकाधिक बारीक.

खरी काटछाट यापुढच्या पायरीवर होते. प्रत्येक आकड्याला एका ठरावीक भाजकाने भागून उत्तर जवळच्या पूर्णांकात बसवले जाते. मानकात नमुन्यादाखल दिलेल्या उजळतेच्या तक्त्यात पहिला भाजक १६ आहे, तर सर्वांत बारीक तपशिलाच्या वाट्याला ९९ हा भाजक आलेला आहे. म्हणजे तेथे मूळचा आकडा ४० असला तरी भागाकारानंतर त्याचे शून्य होते आणि तो तपशील कायमचा जातो. अशा रीतीने बहुतेक चौकोनांत शून्यांची लांबच लांब रांग तयार होते, आणि सगळी शून्ये एकेक करून लिहिण्याऐवजी त्यांची संख्या तेवढी नोंदवली की भागते. फाइल जतन करताना पडद्यावर दिसणारी ‘क्वालिटी’ची पट्टी प्रत्यक्षात हे भाजक लहान-मोठे करते. म्हणून ८० क्वालिटी म्हणजे मूळ चित्राचा ८० टक्के दर्जा, असा अर्थ कोणी काढू नये. तो आकडा टक्केवारीचा नाही आणि निरनिराळ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा अर्थही सारखा नसतो.

आता अर्जाकडे वळता येईल. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या, मुंबईस्थित ‘आयबीपीएस’ या संस्थेच्या सूचनांत छायाचित्रासाठी २०० बाय २३० पिक्सेल हे माप दिलेले असते. हे ठिपके भरतात ४६,०००. त्यांची कोणतेही कॉम्प्रेशन न केलेली माहिती १ लाख ३८ हजार बाइट, आणि मर्यादा आहे ५० केबीची, म्हणजे ५१,२०० बाइटची. याचा अर्थ येथे माहिती तीनपटही आवळावी लागत नाही, आणि जेपेगच्या दृष्टीने हे काम अगदीच हलके आहे, कारण दहापट कॉम्प्रेशनही सामान्य नजरेला सहसा कळत नाही. मूळचे १२ मेगापिक्सेलचे छायाचित्र माप न बदलता, केवळ क्वालिटीची पट्टी खाली ओढून ५० केबीत कोंबायचे ठरवले, तर मात्र सातशेपट कॉम्प्रेशन लागते. त्या छायाचित्रात आठ बाय आठचे १ लाख ८७ हजार ५०० चौकोन असतात आणि ५० केबीत प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दोन बिट येतात. दोन बिटांत चौकोनाची सरासरी उजळतासुद्धा धड सांगता येत नाही. पट्टी तळाला नेली तरी फाइल मर्यादेत येत नाही आणि चेहऱ्यावर चौकटी मात्र उमटतात, त्याचे कारण हे आहे. चेहऱ्याभोवतीचा अनावश्यक भाग आधी कातरावा, मग पिक्सेलचे माप घटवावे आणि क्वालिटीला सर्वांत शेवटी हात लावावा, हाच क्रम योग्य ठरतो. मापातील घट वर्गाच्या प्रमाणात फळते: रुंदी व उंची निम्मी केली की ठिपके चौथाईवर येतात.

सहीच्या बाबतीत अडचण नेमकी उलटी असते. १४० बाय ६० पिक्सेलच्या चौकटीत ८,४०० ठिपके बसतात आणि त्यात बराचसा कोरा पांढरा कागद असल्याने फाइल सहजच काही केबींवर थांबते. अर्जाची अट मात्र १० ते २० केबींची असते. अशा वेळी क्वालिटी सर्वाधिक ठेवून किंवा माप थोडे वाढवून फाइल मुद्दाम फुगवावी लागते. कमाल मर्यादेमागचा हेतू उघड आहे. किमान मर्यादा अस्पष्ट सह्या रोखण्यासाठी घातली असेल, तर फाइलचे वजन हा स्पष्टतेचा मापदंड नव्हे एवढे अर्ज तयार करणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवे.

‘डीपीआय कमी करा म्हणजे फाइल लहान होईल’ हा सल्लाही असाच फसवा आहे. डीपीआय म्हणजे छपाईच्या वेळी एका इंचात किती ठिपके बसवायचे याची फाइलमधील नोंद. पिक्सेलची संख्या तीच ठेवून ही नोंद ३०० ऐवजी ७२ केली, तर फाइल जवळजवळ होती तेवढीच राहते. कागद स्कॅन करताना गोष्ट वेगळी, कारण तेथे डीपीआयवरूनच पिक्सेलची संख्या ठरते.

प्रत्येक चित्राला जेपेग मानवतेच असे नाही. सातबारा उतारा, गुणपत्रिका किंवा मोबाइलच्या पडद्याचे चित्र यांत काळ्या अक्षराची तीक्ष्ण कड पांढऱ्या पार्श्वभूमीला भिडलेली असते, आणि बारीक तपशील कापला गेल्यावर अशा कडांभोवती करड्या रंगाची धूळ साचल्यासारखी दिसते. देवनागरीतील अनुस्वार आणि रफार त्यात पहिल्यांदा बळी पडतात. संगणकावरच तयार झालेल्या मजकुराच्या किंवा आकृतीच्या चित्रासाठी १९९६ मध्ये आलेला पीएनजी हा प्रकार अधिक योग्य आहे, कारण त्यात काहीही टाकून न देता माहिती आवळली जाते. कॅमेऱ्याने टिपलेल्या कागदासाठी मात्र पीएनजीची फाइल फार मोठी होते; तेथे चित्र कृष्णधवल करून माप बेताने घटवणे बरे. गूगलने २०१० मध्ये आणलेला वेबपी आणि आयफोनमध्ये २०१७ पासून रुळलेला हेइक हे नवे प्रकार जेपेगपेक्षा कमी जागा घेतात, परंतु शासकीय व परीक्षांच्या अनेक संकेतस्थळांवर ते स्वीकारलेच जात नाहीत. आयफोन वापरणाऱ्याने कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ हा पर्याय निवडल्यास छायाचित्रे मुळातच जेपेगमध्ये निघतात.

व्हॉट्सॲपवर पाठवलेले छायाचित्र वाटेतच लहान केले जाते. पडद्यावर पाहण्यापुरते ते पुरते, छपाईला पुरत नाही. छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल हा सर्वमान्य दंडक धरला, तर १६०० पिक्सेल रुंदीचे चित्र जेमतेम सव्वापाच इंच रुंद छापता येते. दिवाळी अंकांचे संपादक लेखकांकडे मूळ छायाचित्र ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवरच ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागतात, कारण त्या रीतीने फाइल न बदलता पोहोचते. एकदा घटवलेले पिक्सेल पुन्हा वाढवले तरी गेलेला तपशील परत येत नाही, आणि जेपेग फाइल पुन्हा पुन्हा संपादित करून जतन केली की दर खेपेला थोडी झीज होते. म्हणून लहान केलेली प्रत नेहमी वेगळ्या नावाने ठेवावी आणि पुढचा प्रत्येक बदल मूळ फाइलवरून करावा.

कातरणे आणि माप घटवणे विंडोजमधील पेंटमध्येही होते; क्वालिटीच्या पट्टीसह ही सर्व कामे इरफानव्ह्यू व गिंपसारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरने होतात. गूगलचे स्क्वूश ब्राउझरमध्ये चालत असले तरी चित्रावरची प्रक्रिया वापरकर्त्याच्याच यंत्रावर करते. ‘फोटो लहान करून देऊ’ म्हणणाऱ्या अनेक संकेतस्थळांवर मात्र फाइल परक्या सर्व्हरवर चढवावी लागते, आणि आधार कार्ड, सही किंवा अंगठ्याचा ठसा तेथे सोपवणे धोक्याचे आहे. मूळ छायाचित्राच्या फाइलमध्ये एक्झिफ नावाची नोंदही असते, तीत दिनांक व कॅमेऱ्याबरोबर कधी कधी ते जेथे काढले त्या जागेचे अक्षांश-रेखांशही असतात. सायबर कॅफेत अर्ज भरून झाल्यावर तेथील संगणकाच्या ‘डाउनलोड्स’ फोल्डरमधून आपल्या सहीची व ठशाची फाइल काढून टाकावी, आणि उठण्यापूर्वी ‘रीसायकल बिन’ही रिकामे करावे.