अँटेना मोठा झाला की ‘जवळ’ कुठवर पोहोचते?

सिल्वासा : दमणगंगेच्या संथ पाण्यात खडा टाकला, तर त्याच्याभोवती लाटांची वर्तुळे स्पष्ट दिसतात. त्याच लाटा दूरच्या काठाशी पोहोचेपर्यंत त्यांचा बाक जाणवेनासा होतो. रेडिओलहरींचेही असेच असते.

मोबाइलपासून मनोऱ्यापर्यंत येताना इमारती आणि टेकड्यांमुळे लहरींत जे बदल होतात, त्यांना एकत्रितपणे ‘चॅनेल’ म्हणतात. मोबाइल आधीच ठरलेले संकेत पाठवतो. ते कसे बदलून आले, यावरून मनोरा चॅनेलचा अंदाज बांधतो. लहर सपाट मानली, तर तिची दिशा कळणे बहुधा पुरते.

हे गृहीतक कुठवर टिकते, ते साध्या गणिताने समजते. अँटेनाच्या रुंदीचा वर्ग दुप्पट करून त्याला तरंगलांबीने भागावे. उत्तराइतक्या अंतराच्या आतला प्रदेश म्हणजे ‘निकटक्षेत्र’. ३३०० मेगाहर्ट्‌झला अर्धा मीटर रुंद अँटेनाचे निकटक्षेत्र साडेपाच मीटरच भरते. २६ गिगाहर्ट्‌झला एक मीटर रुंद अँटेनाचे मात्र सुमारे १७३ मीटर. म्हणजे असा अँटेना सिल्वासाच्या बाजारपेठेत बसवला, तर भोवतालचे बहुतेक ग्राहक निकटक्षेत्रातच येतील.

याचे भव्य रूप पुणे जिल्ह्यातील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीत दिसते. तिचे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेले आहेत. २१ सेंटिमीटरच्या लहरींसाठी या संपूर्ण रचनेचे निकटक्षेत्र सुमारे ६० लाख किलोमीटर भरते; चंद्रसुद्धा त्याच्या आतच येतो!

निकटक्षेत्रात दिशेबरोबर अंतरही शोधावे लागते. शेकडो घटकांच्या अँटेनासाठी त्यामुळे शक्यता कितीतरी वाढतात आणि चाचणी-संकेतांत गेलेला वेळ ग्राहकाच्या संभाषणातून वजा होतो. म्हणून संशोधक दिशा व अंतर यांची जाळी आखतात. जवळ तिची घरे दाट, लांब विरळ. त्यामुळे मोजक्या संकेतांत उत्तर मिळू शकते.

अंदाज चुकला, तर ऊर्जा इतस्ततः पसरते आणि मोठ्या अँटेनाचा खर्च वाया जातो. तो साधला, तर भिंगाने ऊन एका ठिपक्यावर आणावे तशी ऊर्जा ग्राहकापाशी एकवटते. एकाच दिशेला पुढे-मागे उभ्या असलेल्या दोघांनाही एकाच वेळी स्वतंत्र सेवा देता येते. केंद्र सरकारने मार्च २०२३मध्ये ‘भारत ६जी’ दृष्टिपत्र जाहीर केले. त्या वाटचालीत अँटेनाच्या आकाराइतकेच या अंदाजाच्या अचूकतेलाही महत्त्व राहील.